शेवटच्या गाडीचं शास्त्र

२२ मार्च १९६५, सोमवार

बुलढाण्याच्या बदलीचा अर्ज आज पोस्टात टाकला. हा नववा. आधीचे आठ मी भावनेच्या भरात लिहिले होते. हा शास्त्रीय आहे. सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट.

डॉक्टर धामणगाव बढ्याच्या बाजारात बसतो. खाली बियाण्याचं दुकान, वर हा. त्याने विचारलं, कुठे दुखतं? मी म्हटलं, मानेपासून कमरेपर्यंत तुम्हाला सोयीचं वाटेल तिथे लिहा. माणूस मठ्ठ. पेन धरून बसून राहिला. शेवटी मीच एकेक शब्द सांगितला. मणक्यांत दोष. बैलगाडी, खाचखळग्यांची वाट व सर्व प्रकारचे धक्के वर्ज्य. वास्तव्य जिल्ह्याच्या दवाखान्याजवळ असावे. 'वर्ज्य' लिहिताना दोनदा अडला.

यात खोटं काही नाही. पाठ दुखतेच. शाळातपासणी आली की दुखते. जनगणनेच्या वेळी तर महिनाभर दुखली.

२४ मार्च, बुधवार

सकाळची शाळा. पुंजाजी शिपायाने घंटा वीस मिनिटं उशिरा दिली. विचारलं तर म्हणे, मरीमायच्या देवळात होतो. यंदा बारागाड्या ओढायचा मान त्याच्याकडे आहे. नऊ दिवसांचा उपास धरणार, जमिनीवर निजणार, अंगाला हळद लावणार. वजन असेल पंचेचाळीस किलो. ज्याच्याने घंटेचा दोर वेळेवर ओढवत नाही तो बारा गाड्या ओढणार.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी नोंद म्हणून लिहितो. चैत्री पुनवेला या गावात बारा बैलगाड्या एकीमागे एक दोरखंडाने बांधतात. बैल नाहीत. प्रत्येक गाडीत माणसं कोंबतात, बायापोरं, म्हातारे, कोणीही. मग भगत कमरेला दोर बांधतो, आरोळी देतो आणि देवळापासून उतारावरून नाल्यापर्यंत गाड्या ओढतो. लोक म्हणतात, अंगात मरीमाय येते. मी म्हणतो, उतार आहे. पिंपळखेड गावात शहाणा माणूस मोजून एक, तोही बदलीच्या प्रयत्नात.

२८ मार्च, रविवार

दिवसभर सरपंच अर्जुनरावांच्या ओसरीवर पत्ते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. पाठ एकदाही दुखली नाही. मांडी घालून बसणं हा मणक्याला व्यायाम आहे, असं मी वाचलेलं आहे. कुठे ते आठवत नाही.

घरी येताना भुईमुगाचं पोतं खांद्यावरून आणलं. कोणी पाहिलं नाही.

संकल्प: उद्यापासून काठी घेऊन चालायचं. बदलीची चौकशी करायला कधी कोणी येईल सांगता येत नाही.

२९ मार्च, सोमवार

काठी शाळेतच विसरलो.

३१ मार्च, बुधवार

सातवीला आज 'बल' शिकवलं. पुस्तकातलं उदाहरण घोड्याचं. या पोरांना घोडा काय कळणार! म्हणून फळ्यावर बारा गाड्या काढल्या. भगताचा जोर पहिल्या गाडीला पूर्ण लागतो. तिथून पुढे प्रत्येक गाडी आपला वाटा खाते आणि उरलेला मागे देते. म्हणजे बाराव्या गाडीला धक्का किती? एक बारांश. सर्वांत सुरक्षित जागा शेवटची. आणि हे गावंढळ लोक पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या गाडीत बसायला मारामाऱ्या करतात.

आकृती अप्रतिम आली होती. बाक बडवणारी ही पोरं आज पहिल्यांदाच गप्प बसली. तुळशीराम मास्तर दारात उभा राहून बघत होता. हा माझा सहायक, वय अठ्ठावीस, मॅट्रिकला विज्ञानात जेमतेम पास. चेहऱ्यावर नेहमीसारखं नम्र काहीतरी होतं. मला नम्र माणसांचा राग येतो.

२ एप्रिल, शुक्रवार. पाडवा.

पोरांनी घरी जाऊन सांगितलं. गाव म्हणजे चावडी. देवळाच्या ओट्यावर मला गाठलं. अर्जुनराव हसत हसत म्हणाले की गुरुजी, तुमचं शास्त्र एवढं पक्कं आहे तर यंदा शेवटच्या गाडीत तुम्हीच बसा. बाकीचे खी खी करायला लागले. पुंजाजी मात्र हसला नाही. तो म्हणाला, गुरुजींना बसवू नका, त्यांची पाठ दुखते.

शिपायाने माझी बाजू घ्यावी! मी ताबडतोब हो म्हणालो. वर असंही सांगितलं की हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला घेऊन बसेन, थेंब सांडला तर विज्ञान शिकवणं सोडून देईन. ओट्यावर शांतता पसरली. अज्ञानी लोकांना शांत करायला आत्मविश्वास पुरतो.

५ एप्रिल, सोमवार

घरी सांगितलं नव्हतं, तरी सौ. सत्यभामाला कळलं. स्वयंपाक करता करता चुलीकडे तोंड करून म्हणाली, "मी बसली होती लहानपणी, माहेरच्या यात्रेत. शेवटच्याच गाडीत. हे समोरचे दोन दात तवाच गेले माये. तुम्ही पुढं बसा, नाही तं बसूच नका."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मी समजत होतो ती विहिरीच्या पायऱ्यांवर पडली असेल. विचारायचं कधी सुचलं नाही.

तिला शांतपणे समजावलं की एका उदाहरणावरून सिद्धांत बनत नाही. दात मुळातच हलत असतील. त्यावर तिने भाकरी जरा जोरात थापली. शिक्षण नसलं की माणूस असा अनुभवावर अडून बसतो.

७ एप्रिल, बुधवार

पगाराच्या कामाला धामणगावला जाऊन आलो. येताना यष्टीत शेवटची सीट मिळाली. प्रत्येक खड्ड्याला टाळकं टपाला लागत होतं. एकदा तर मी आणि शेजारची कोंबड्यांची टोपली दोघंही एकाच वेळी हवेत होतो. कंडक्टर दात काढून म्हणाला की मागं असंच होते गुरुजी, पुढं या.

यावर विचार केला. यष्टीला इंजिन असतं. गाडीला नसतं. दोन्हींची तुलना अशास्त्रीय.

मान थोडी अवघडली आहे. नवल वाटलं. ही खरीच दुखते आहे.

८ एप्रिल, गुरुवार

तुळशीराम मधल्या सुट्टीत आला. घसा खाकरून, पाय घासून, पाच मिनिटं घालवून मग म्हणाला, "गुरुजी, दोर ढिले असतात. पहिली हालली का दुसरीचा दोर ताणते, दुसरी हालली का तिसरीचा. शेवटची उभीच असते, अन् तोवर पुढच्या अकरा पळत सुटलेल्या असतात. मग तिले एकदमच हिसका बसते."

मी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे? म्हणाला, पुस्तकात नाही, आमच्या घरची गाडी दरवर्षी बाराव्या नंबरला लागते. झालं. घरची गाडी! त्याला सांगितलं की आधी चौथीच्या वह्या तपासा. तो 'हाव जी' म्हणून गेला. अशा लोकांच्या हाती पुढची पिढी आहे.

११ एप्रिल, रविवार

आपत्ती. जिल्हा परिषदेचे शिक्षण सभापती यात्रेला येत आहेत. अर्जुनरावांचे व्याही लागतात म्हणे. बदल्या त्यांच्याच सहीने होतात. माझा अर्ज त्यांच्याच टेबलावर आहे. त्यावर लिहिलं आहे की सर्व प्रकारचे धक्के वर्ज्य, आणि अर्जदार त्यांच्या डोळ्यांदेखत बारागाड्यांत बसणार!

गाडीत बसावं तर बदली गेली. न बसावं तर पोरं, तुळशीराम, तो पुंजाजी, सगळे म्हणणार गुरुजी भ्याले.

दुपारभर तळमळलो. पत्त्यांना गेलो नाही. एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण ही कोणाला सांगता येत नाही. सत्तावीस वर्षं मी खेड्यांतून मास्तरकी केली. कंदिलाच्या काचा पुसून पुसून डोळे गेले. मला एकदा, फक्त एकदा, भिंतीवरचं बटण दाबून रात्री पुस्तक वाचायचं आहे. बुलढाण्याला वाचनालय आहे, थंड हवा आहे, आणि तिथे मास्तरला 'सर' म्हणतात. आणखी सात वर्षांनी रिटायर होईन. यंदा नाही तर कधीच नाही.

संध्याकाळी उपाय सापडला. इतका सोपा की हसू आलं. सभापती मानाचे पाहुणे, ते पहिल्या गाडीत बसणार. मी शेवटच्या. मध्ये दहा गाड्या आणि प्रत्येकीत तीस-पस्तीस माणसं. त्यांना मी दिसणारच नाही. उपरणं डोक्यावरून घ्यायचं. गाड्या थांबल्या की उतरायचं, काठी घ्यायची आणि लंगडत जाऊन त्यांना नमस्कार करायचा. गाव जिंकलं, बदलीही जिंकली. शेवटची गाडी दोन्ही हिशोबांनी उत्तम.

१३ एप्रिल, मंगळवार

लंगडण्याचा सराव केला. डावा पाय ओढायचा ठरवलं. सौ. ने पाहिलं आणि विचारलं, काऊन, काटा रुतला का? मी पाय बदलला.

१५ एप्रिल, गुरुवार

गावात गाड्या यायला लागल्या. पाहुण्यांनी घरं भरली. आमच्याकडे देऊळघाटची माझी बहीण चांगुणा आणि तिचा सगळा लवाजमा. त्या सगळ्यांना पहिल्या गाडीत बसायचं आहे. बसा म्हटलं. आपल्या रक्तातही विज्ञान उतरेलच असं नाही.

पुंजाजी वाटेत भेटला. उपासाने गाल आत गेलेत. मला बाजूला घेऊन म्हणाला की गुरुजी, बसायचंच असेल तर गाडीच्या साठ्याच्या फळीला पाठ लावून उभे राहू नका, खाली बसा, मुंडी दाबून घ्या. मी विचारलं, हे तुला मरीमायने सांगितलं का? म्हणाला, नाही जी, बापाने.

उभा राहणार आहे. पेला घेऊन खाली बसलो तर गावाला दिसणार कसा?

१६ एप्रिल, शुक्रवार. सकाळ.

धोतर कडक इस्त्रीचं. उपरणं. पितळी पेला सौ. कडे मागितला. तिने जुना, पोचे आलेला दिला. मी चांगला मागितला तर म्हणाली, चांगला नाही देत. कंजूषपणाची हद्द.

मन अत्यंत शांत आहे. दुपारी चारला गाड्या सुटणार. रात्री इथे सविस्तर वृत्तांत लिहीन, आणि त्याचा एक लेख करून शिक्षणाच्या एखाद्या मासिकाला पाठवीन.

२१ एप्रिल, बुधवार

पेन्सिलने लिहितो आहे. उताणं पडून पेन चालत नाही, शाई मागे जाते.

एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त लिहवत नाही. मान वळत नाही.

२२ एप्रिल, गुरुवार

वृत्तांत.

गाडीत मी, वीस-बावीस बाया आणि त्यांची पोरं. सगळ्या खाली दाटीवाटीने, मुंड्या गुडघ्यांत. मी एकटा उभा. पेला भरलेला. लांबवर पुंजाजीची आरोळी ऐकू आली. लोक ओरडले. मी वाट पाहिली. आमची गाडी जागची हलली नाही. मी बायांना म्हणालो, पाहा, एक बारांश.

शब्द पुरा झाला नाही.

त्यानंतरचं लोकांनी सांगितलेलं लिहितो. मी गाडीत नव्हतो. गाडी माझ्याखालून निघून गेली, म्हणे. मी हवेत होतो तसाच मागे, पेला पुढे. पडलो तो बैल नसल्याने काढून ठेवलेल्या जुवावर. बायांपैकी कोणालाही काही झालं नाही. गाड्या नाल्यापर्यंत व्यवस्थित गेल्या. पुंजाजीने ओढल्या असं सगळे म्हणतात. मी आकाशाखेरीज काही पाहिलं नाही.

२३ एप्रिल, शुक्रवार

तोंडातून काय निघालं तेही लोकांनीच सांगितलं. "आई वो, मेलो वो माय, मले उचला." मी अमरावतीला शिकलो. हे मी बोललो असेन असं वाटत नाही.

सगळ्यांत आधी तुळशीराम धावत आला. मला उठवू पाहणाऱ्यांना त्याने अडवलं, कोणाच्या तरी घराचं दार काढून आणलं आणि त्यावर मला सरळ घातलं. मोताळ्याचा डॉक्टर आणायला सायकल पाठवली तीही त्यानेच. चुटकीसरशी हुकूम सोडत होता म्हणतात. मोठेपणा मिरवायला बरी संधी मिळाली.

आणि सभापती आले. मी दारावर आडवा, तोंडात माती. अर्जुनरावांनी ओळख करून दिली. सभापती वाकून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे शालिग्राम मास्तर? मले वाटलं, सारेच लिहितात तसं यायनंही लिहिलं. हा माणूस तं खरं सांगून राह्यला होता बापा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी गाडीत का बसलो होतो हे त्यांनी विचारलंच नाही. अर्जुनरावांनी सांगून टाकलं की पोरांना शास्त्र शिकवायला बसले. त्यावर सभापतींनी मला हात जोडले.

दुखत होतं तरी आतून मी खूश झालो. योजना थोड्या वेगळ्या वाटेने, पण सफल.

२६ एप्रिल, सोमवार

आली! बदलीची ऑर्डर आली. बुलढाणा, नगरातली शाळा. सभापतींनी परत जाऊन लगेच सही केलेली दिसते. ५ मेपर्यंत हजर व्हावे, अन्यथा पुढील नावाचा विचार करण्यात येईल.

तिसऱ्यांदा वाचली. सौ. ला वाचून दाखवली. ती डोळे पुसत होती. म्हणाली, लाईट राहील ना तिथं? म्हटलं, राहील. स्वयंपाकघरात सुद्धा.

संकल्प: ५ मेपर्यंत उठायचंच. इच्छाशक्ती.

२८ एप्रिल, बुधवार

मोताळ्याचे डॉक्टर पुन्हा आले. तरुण आहेत, मुंबईला शिकलेले. त्यांना ऑर्डर दाखवली. ते म्हणाले, सहा आठवडे या फळीवरून उठायचं नाही. तीन महिने वाहनात बसायचं नाही. आणि बुलढाण्याच्या वाटेवरच्या राजूरच्या घाटातून तर मुळीच नाही, एक धक्का बसला तर पाय जातील. मी म्हटलं, मी अगदी सावकाश जाईन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी चौथीच्या पोराकडे पाहतो तसं.

सर्टिफिकेट लिहून दिलं. मणक्यांत दोष. सर्व प्रकारचे धक्के वर्ज्य. मी एक शब्दही सांगितला नव्हता.

३० एप्रिल, शुक्रवार

अंगठा हलवता येतो. पण अंगठ्याने हजर होता येत नाही.

सौ. एकटीच्याने मला कुशीवर वळवता येत नाही. पुंजाजी रोज दोनदा येतो. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. पंचेचाळीस किलोचा माणूस, पण हात हलत नाही. त्याला आज विचारलं की एवढ्या गाड्या कशा ओढल्यास? म्हणाला, मले काय माहीत गुरुजी, मी तं पुढं पाहत होतो.

हे काही उत्तर नव्हे.

३ मे, सोमवार

तुळशीराम आला. उभाच राहिला. बसा म्हटलं तरी बसेना. पुढचं नाव त्याचं आहे. सभापतींनी त्या दिवशी त्याचं नाव विचारून घेतलं होतं. म्हणाला की मी नाही म्हणून कळवतो, तुम्ही बरे झाल्यावर तुम्हीच जा. मला चीड आली. उपकार करायला निघाला आहे. मी म्हटलं, नाही म्हणायची काही गरज नाही, जा. खुशाल जा. तिथल्या वाचनालयाची वर्गणी आधी भर.

तो पाया पडला. मला हलता आलं असतं तर पाय मागे घेतले असते.

मग त्याच्याकडूनच अर्ज लिहून घेतला, माझा हात पुरत नाही म्हणून. सदर अर्जदार प्रकृतीच्या कारणास्तव, सर्व प्रकारचे धक्के वर्ज्य असल्याने, बुलढाणा येथे हजर होण्यास असमर्थ आहे. तरी विनंती की अर्जदारास आहे त्याच गावी, पिंपळखेड येथे, कायम ठेवावे. त्याने 'वर्ज्य' एका झटक्यात लिहिला. अक्षर चांगलं आहे त्याचं. हे मी आजवर पाहिलं नव्हतं.

तो गेल्यावर बराच वेळ रडलो. मानेमुळे डोळे पुसता आले नाहीत.

१२ मे, बुधवार

माझ्या नऊ अर्जांपैकी आठांना जिल्हा परिषदेने कधी उत्तर दिलं नाही. दहाव्याला आठवड्यात आलं. सौ. ने पाकीट फोडून डोळ्यांसमोर धरलं.

'आपला अर्ज पोहोचला. पिंपळखेड येथील आपल्या जागेसाठी जिल्ह्यातून कोणाचाही अर्ज आजपर्यंत आलेला नाही व पुढेही येईल असे वाटत नाही. सबब आपण तेथेच आहात. याकरिता स्वतंत्र अर्ज करण्याची आवश्यकता नव्हती.'

सौ. ने विचारलं, काय लिहिलं आहे? मी म्हटलं, मंजूर.

डावी कूस दुखते आहे. पुंजाजी यायला अजून तासभर आहे.